बाभूळ तीच आहे, फक्त नाव बदललंय: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

मुंबईतल्या सोसायटी आणि ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘डीएनए चाचणीत बाभूळ अकेशिया नसल्याचं सिद्ध झालं, म्हणून बाभळीचा डिंक म्हणून मिळतो तो नकली.’ अकेशिया हे बाभळीच्या जीनसचं, म्हणजे शास्त्रीय गटाचं, जुनं नाव. नावबदल खरा आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

जीनस म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेल्या जातींचा गट. तो केवढा असावा याचं मोजमाप ठरलेलं नाही, म्हणून वाद होतातच. नावाचा नियम मात्र कडक: प्रत्येक जीनसला एक प्रमाण जाती जोडलेली असते. गट फुटला की जुनं नाव त्या जातीकडे राहतं.

जुना अकेशिया एका पूर्वजाचा नव्हता, तो फोडावाच लागला. त्याची प्रमाण जाती आपली बाभूळच होती! पण ऑस्ट्रेलियातल्या हजाराच्या आसपास जातींची नावं बदलावी लागू नयेत म्हणून 2005 साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत तिथली एक जाती प्रमाण ठरली, 2011 मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. नाराजी बरीच झाली, आणि ती समजण्यासारखीच.

म्हणून बाभूळ झाली वॅचेलिया निलोटिका, खैर झाला सेनेगालिया कटेचू. बाभळीचे पांढरे काटे सरळ, जोडीने येतात, फुलांचे पिवळे गोंडे. खैराचे काटे आकडेदार, फुलं लांबट तुऱ्यात. रस्त्याकडेची कोयत्यासारख्या चपट्या ‘पानां’ची ऑस्ट्रेलियन बाभूळ अजून अकेशियाच.

डिंक अस्सल की भेसळीचा, हे नावावरून ठरत नाही. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आणि ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.