‘नोटिफिकेशन बंद ठेवा’ म्हणालो म्हणून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

मालक, क्रिप्टोच्या मल्टिसिग वॉलेटची (म्हणजे व्यवहाराला एकाहून जास्त जणांच्या सह्या लागतात त्या वॉलेटची) नोटिफिकेशन सगळी बंद ठेवा असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचून डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू, पण दुसऱ्यांदा वाचली तेव्हा निम्मं तरी पटलं.

तुमचं म्हणणं असं, की "आमचं तिघांचं वॉलेट, दोन सह्या लागतात, एकाने व्यवहार टाकला अन् बाकीच्यांना पत्ताच नाही, पाच दिवस तसाच पडून. अन् तुम्ही सांगायलाय नोटिफिकेशन बंद ठेवा. यूपीआयला कसं रिक्वेस्ट आली की तिथंच पिन टाकून मोकळं, तसं इथं का नको? उगं घाबरवता लोकांना."

‘सगळी बंद ठेवा’ हे मी घाईत लिहिलं, ते चुकलं. कारण मल्टिसिगमध्ये मंजुरीला थांबलेला व्यवहार सहसा चेनवर, म्हणजे ब्लॉकचेनच्या सगळ्यांना दिसणाऱ्या वहीत, नसतोच, सह्या बाहेरच गोळा होतात आणि पुरेशा झाल्या की मग तो चेनवर जातो, म्हणजे तोवर एक्सप्लोररवर (चेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) कितीही शोधा, सापडणार नाही. वर नॉन्सची, म्हणजे व्यवहाराच्या क्रमांकाची भानगड. प्रत्येक व्यवहाराला नंबर असतो, १४ नंबरचा अडकला की १५ अन् १६ त्याच्या मागं उभे, आमच्या सोलापुरात सात रस्त्याला ट्रक बंद पडल्यावर होतं तसं. आणि नको असला म्हणून नुसता सोडूनही देता येत नाही, त्याच नंबरचा रद्द करणारा दुसरा व्यवहार टाकायचा, त्यालाही परत दोन सह्या. तेव्हा सांगणारं कुणीतरी पाहिजेच, इथं तुमचं बरोबर.

पण यूपीआयचं उदाहरण लई चुकीचं निवडलं बघा. त्याच रिक्वेस्टवर ‘पिन टाका, पैसे जमा होतील’ म्हणून किती लोकांना फसवलं, शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसामाणसांतली कलेक्ट रिक्वेस्टच (पैसे मागायची रिक्वेस्ट) बंद केली. तिथं निदान १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करून पैसे गोठवायची धडपड तरी करता येते. चेनवर एकदा गेलं की कुणाला फोन लावणार?

माझंच सांगतो. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत, एका हातात पोरगं, दुसऱ्यात फोन, अन् टिंग करून आलं की एक सही बाकी आहे. मित्रानेच टाकलेला व्यवहार, रक्कम ठरलेली, ज्या वॉलेटला पाठवायचं त्याच्या पत्त्याची पहिली चार अन् शेवटची चार अक्षरं ओळखीची. तिथं बटण असतं तर दाबलंच असतं. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे सही करायचं वेगळं छोटं यंत्र, घरी होतं म्हणून रात्री निवांत बसून पूर्ण पत्ता लावून बघितला तर मधली अक्षरं वेगळीच! कुणीतरी मिळताजुळता पत्ता बनवून त्यावरून शून्य रकमेची एन्ट्री आमच्या हिस्टरीत घुसवली होती अन् आमच्या शहाण्याने तिथूनच कॉपी मारली. हजारांतलीच रक्कम होती, पण झोप उडाली बे.

आणि ही गोष्ट काय फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांची नाही. २१ फेब्रुवारी २०२५ला बायबिट या क्रिप्टो एक्सचेंजचे जवळपास दीड अब्ज डॉलर गेले, तिथंही मल्टिसिगच होतं, सह्या करणाऱ्यांना व्यवहाराची खबरही होती. स्क्रीनवर दिसत होतं एक अन् सही झाली भलत्यावरच. खबर वेळेवर मिळून काय उपयोग झाला?

म्हणून माझं आता म्हणणं एवढंच, की नोटिफिकेशन यावं पण मुकं यावं. कोणतं वॉलेट, कितवा नंबर, दोनपैकी किती सह्या झाल्या, बास. लिंक नको, मंजुरीचं बटण तर अजिबात नको, अन् लॉक स्क्रीनवर रक्कम पण नको, दुकानातल्या गिऱ्हाइकाला तुमची उलाढाल दिसायची काय गरज? अ‍ॅप आपल्या हाताने उघडायचं, पूर्ण पत्ता हार्डवेअर वॉलेटच्या छोट्या स्क्रीनवर वाचायचा, अन् ज्याने टाकला त्याला फोन करायचा, मेसेज नाही, फोन. कंटाळवाणं आहे, मान्य.

हां, आणि तुमचा तो पाच दिवस पडलेला व्यवहार. तुम्ही म्हणता बाकीच्यांना पत्ता नव्हता, पण एकदा उघडून नीट बघा की तो सहीला थांबलाय का दोन सह्या कधीच्या होऊन नुसता एक्झिक्यूट करायचा, म्हणजे चेनवर पाठवायचा राहिलाय. आमच्यात एकदा हेच झालं होतं, दोघं एकमेकांवर चिडून बसले अन् नंतर कळलं की चेनवर पाठवायला ज्याने बटण दाबायचं होतं त्याच्या खात्यात गॅसपुरतं, म्हणजे चेनच्या फीपुरतं ईथरच (त्या चेनचं चलन) नव्हतं. तसं असलं तर कळवा.