चिखलदऱ्यात कॉफी पिकते, म्हणून ट्राउट जगेलच असं नाही

पोळा झाला की आमच्या परतवाड्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. यंदा व्हिडिओसकट आला. म्हणे, चिखलदरा थंड हवेचं ठिकाण आहे. इंग्रजांनी काश्मीर-हिमाचलात ट्राउट मासा सोडला, तिथं आज पर्यटक येतात. मग मेळघाटच्या नाल्यांत बीज सोडा, फ्लाय फिशिंग, म्हणजे नकली माशीच्या गरीनं मासेमारी, सुरू करा. मासा पकडून परत सोडायचा, जंगलाला धक्का नाही. इथं कॉफी पिकते तर ट्राउट का नाही?

व्हिडिओत काठाला देवदार उभे आहेत. मेळघाटात साग असतो, भाऊ.

इंग्रजांचं मात्र खरं आहे. काश्मीरला १८९९ साली आणलेली अंडी वाटेतच गेली, १९०० साली दुसरी खेप जगली. कुल्लूकडे १९०९ साली मासा सोडला. पण ते ओढे बर्फाच्या पाण्याचे. दक्षिणेत ट्राउट टिकला तो उटीकडे, २२०० मीटरच्या आसपास. आपला चिखलदरा जेमतेम ११०० मीटर.

कॉफीवाला मुद्दा लोकांना पटतो, म्हणून त्याच्याकडे जरा नीट पाहू. कॉफीला गार हवा आणि सावली मिळाली की भागतं. ट्राउटला गार पाणी लागतं, आणि हवा गार असली की पाणीही गार असतं असं नाही. १० ते १६ अंशांत हा मासा नीट खातो-वाढतो. वीसच्या पुढं मंदावतो, पंचविशीच्या आसपास जीव धोक्यात. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो: १० अंशांच्या लिटरभर पाण्यात ११ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. आणि नेमकं तेव्हाच माशाच्या अंगाला तो जास्त लागतो. दोन्हीकडून कोंडी. त्यात अंडी घालायला त्याला वाहत्या, थंड पाण्यातली स्वच्छ खडी हवी. होळीनंतर मेळघाटातल्या सिपना-खापरा नद्यांकडं जाऊन या. बऱ्याच ठिकाणी धार तुटलेली असते, उरतात ते डोह. मे महिन्याच्या दुपारी त्यात थर्मामीटर बुडवा आणि मग ग्रुपवर आकडा टाका.

'जंगलाला धक्का नाही' म्हणणाऱ्यांचा मला जरा रागच येतो. ब्राउन आणि रेनबो, दोन्ही ट्राउट जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या प्रजातींच्या यादीत आहेत. थंड ओढ्यांत हा मासा स्थानिक मासे, बेडकांची पिल्लं फस्त करतो. आपल्याकडे तो मरेल म्हणून हरकत नाही, असंही नाही; पुढच्या वेळी कोणी दुसरा चिवट मासा आणेल. १९५२ साली देशात आणलेला तिलापिया आज कुठं-कुठं पोचलाय ते बाजारात दिसतंच. शिवाय मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. अभयारण्यात परवानगीशिवाय गरी टाकता येत नाही, मग मासा परत सोडा की घरी न्या.

मेसेजचा एक गैरसमज मात्र कामाचा आहे: फ्लाय फिशिंग म्हणजे ट्राउटच. तसं काही नाही. ही 'माशी' खरी नसतेच. गरीवर पिसं, दोरा, केस बांधून किड्याचा किंवा बेडकाचा भास करायचा. तिला वजन नसतं, म्हणून दोरी जड असते आणि फेक दोरीच्या जोरावर होते. ते कसब कुठल्याही शिकारी माशावर चालतं. आपल्याकडे मरळ आहे. तापलेल्या, प्राणवायू सरलेल्या डबक्यातही तो वर येऊन हवेतून श्वास घेतो आणि जगतो. ट्राउट जिथं मरेल तिथं हा टपून बसलेला असतो, आणि पाण्यावरून बेडूक सरकला की झडप घालतो. बेडकासारखी बांधलेली गरी त्याला चालावी.

हौस असेल तर भंडारा-गोंदियाकडच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवर जा. मात्र गरी काढण्याआधी तिथल्या मासेमार ढिवर बांधवांच्या मत्स्य संस्थेला विचारा. तलावाचा ठेका बहुधा त्यांच्याकडे असतो, आणि त्यातलं बीज त्यांच्या पैशाचं.