भिंत पाडल्यावर मातीचे काय होते?

आमच्या रामबागेतल्या जुन्या घराची मागची खोली गेल्या महिन्यात उतरवली. तिची भिंत कच्च्या मातीच्या भेंड्यांची, म्हणजे न भाजलेल्या विटांची होती, पण बाहेरून काकांनी चाळीसेक वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. ठेकेदाराची माणसे सगळेच एका ट्रॉलीत लोटू लागली, तेव्हा मी दोन तुकडे उचलून बादलीत टाकले. गाभ्यातल्या ढेकळातून बुडबुडे निघाले, कडा ढासळल्या, भुसा वर तरंगला आणि चहा होईपर्यंत तळाशी नुसता चिखल उरला. गिलाव्याचा तुकडा मात्र दुसऱ्या दिवशीही तसाच होता.

कच्ची माती वाळते तेव्हा तिच्यातले फक्त पाणी उडते, म्हणून ती भिजवून पुन्हा मळता येते. साधारण ६०० अंशांपुढे भाजली की तिची घडणच बदलते. मग विटेची फार तर सुरकी, म्हणजे पूड, करून चुन्यात घालता येते. आता ‘पर्यावरणपूरक’ म्हणून खपणाऱ्या, यंत्राने दाबून केलेल्या मातीच्या विटांत बहुधा ५ ते १० टक्के सिमेंट असते. भट्टी वाचते हे मान्य, परंतु मातीच्या नावाने विकली जाणारी ही वीट फुटल्यावर पाण्यात विरघळत नाही, हे विक्रेता सांगत नाही. सिमेंट पायथ्याला आणि पावसाच्या माऱ्याच्या बाजूला जरूर वापरावे. आतल्या भिंतीत ते कशासाठी, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

नर्मदेकाठच्या नावडातोलीला ताम्रपाषाणयुगीन कुडामातीच्या घरांचे थरावर थर सापडले. पडलेल्या घराच्या मातीवरच पुढचे घर उभे राहत असे. आपण मात्र मलबा गावाबाहेर धाडतो. बांधकाम-कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी मोठ्या बांधकामांना काँक्रीट, माती, विटा-मसाला असे वेगळे करायला सांगितले. एका खोलीपुरते पाडणाऱ्याकडे कोण बघणार? मिसळलेली माती खडी करणाऱ्या यंत्राला नकोशीच असते आणि सिमेंटचे तुकडे शेताला.

आम्ही दोन दिवस मजुरी जास्त देऊन गिलावा सोलून काढला. जमिनीलगतच्या हातभर भागाला लोणा धरला होता. ती खारट माती भिंतीला चालत नाही, म्हणून वेगळी टाकली. उरलेला ढीग अंगणात ताडपत्रीखाली आहे. ओट्यामागच्या आडभिंतीसाठी तो नव्या भुशासह भिजत घालायचा आहे, पण ताज्या भेंड्यांना वाळायला कोरडी हवा लागते, तेव्हा पाऊस संपेपर्यंत थांबणे आले.