लसीने कुत्रा पिसाळत नाही आणि लसणाने जंत जात नाहीत

‘कुत्रा पाळणाऱ्यांनो, लुटले जाऊ नका’ अशा मथळ्याचा लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. मला तो चिपळूणच्या आत्याने पाठवला, वर निरोप: ‘वाचून बघ गं, पिल्लाची इंजेक्शनं आता नकोच.’ पिल्लू जेमतेम दोन महिन्यांचं, म्हणून हे लिहिणं आलं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: रेबीजच्या लसीमुळेच कुत्रा पिसाळतो, घरातल्या कुत्र्याला ती लागत नाही, जंतांवर लसूण पुरतो, गावठी कुत्रे लसीविनाच जगत आलेत, दरवर्षीची लस हा डॉक्टरांचा धंदा, आणि कुत्रा चावलाच तर दहा दिवस थांबा, नाहीतर पोटात चौदा सुया.

पहिला मुद्दा लिहिणाऱ्याला तर साष्टांग दंडवत. कुत्र्याला टोचतात ती रेबीजची लस मारलेल्या विषाणूची असते. मेलेला विषाणू वाढत नाही, मेंदूपर्यंत जात नाही, लाळेत उतरत नाही. शरीर त्याला ओळखायला शिकतं, इतकंच. ‘शेजारच्यांनी लस दिली आणि महिन्याभरात कुत्रा पिसाळला’ असा किस्सा मेसेजमध्ये आहे. तो खराही असेल. पण पिसाळलेलं जनावर चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठवडे जातात, कधी कधी महिने. तोवर कुत्रा खातो, खेळतो, शेपूट हलवतो. आपल्याकडे बरेच लोक कुत्रा कुठेतरी भांडून, चावून घेऊन आला की मगच पहिल्यांदा लस टोचायला धावतात. तेव्हा विषाणू नसांमधून मेंदूकडे निघालेला असतो. पुढे कुत्रा पिसाळला की खापर फुटतं सुईवर.

आणि लसीने कुत्रे पिसाळत असते तर आज गोव्यात रस्त्यावर पाऊल टाकता आलं नसतं. तिथे २०१३ ते २०१९ या काळात राबवलेल्या रेबीजविरोधी मोहिमेचा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापून आला. ९५ हजारांहून जास्त कुत्र्यांना लस, म्हणजे सुमारे ७० टक्के कुत्रे सुरक्षित. परिणाम? कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक केसेस ९२ टक्क्यांनी घटल्या आणि माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले. मेसेजवाल्याने हे आकडे उलटे वाचून दाखवावेत.

‘दहा दिवस थांबा’ हा मुद्दा सर्वांत घातक, कारण त्यात अर्धं सत्य आहे. चावलेला कुत्रा दहा दिवसांनंतरही ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, हे खरं. पण या दहा दिवसांचा उपयोग सुरू केलेली इंजेक्शनं थांबवायची की पुरी करायची हे ठरवायला होतो, सुरुवात लांबवायला नाही. चावा बसला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. चुना, मिरची, हळद काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र डॉक्टरांच्या हातात जवळपास काहीच उरत नाही. आणि पोटातल्या चौदा सुया? ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती. भारतात ती कधीच बंद झाली. आता दंडात चार-पाच डोस, तेही ठरलेल्या दिवशी.

घरातला कुत्रा म्हणे सुरक्षित. परड्यात मुंगूस येतं, ओट्यावर भटकी मांजरं येतात, फाटक उघडं राहतं. आणि पार्व्हो, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाबांनी मारणारा रोग, त्याच्या विषाणूला तर कुत्रा बाहेर जायचीही गरज नाही. तो आपल्या चपलांना चिकटून आत येतो आणि मातीत महिनोन्महिने टिकतो.

आता लसूण. यावर माझी सहनशक्ती संपते. पिल्लाच्या पोटातले गोल जंत बाहेरून यावे लागत नाहीत, ते आईच्या पोटातच पिल्लात शिरतात. आकडी जंत दुधातून येतात. म्हणून पहिला डोस दोन आठवड्यांच्या वयात, पुढे दोन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी एकदा. डोस वजनावर ठरतो, म्हणून आधी पिल्लू काट्यावर. आकडी जंत आतड्याला चिकटून रक्त पितात, पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसायला लागतात. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. म्हणजे आधीच रक्त कमी असलेल्या पिल्लाला आपण रक्त आणखी कमी करणारं औषध देतो, तेही प्रेमाने पोळीत घालून! ‘शीमध्ये जंत दिसले नाहीत तर औषध नको’ हेही त्यात आहेच. अंडी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. गोल जंतांची अंडी अंगणातल्या मातीत पडून काही आठवड्यांत संसर्ग करण्याजोगी होतात, आणि त्या मातीत खेळून हात न धुता खाणाऱ्या मुलाच्या पोटात गेली तर अळी क्वचित डोळ्यापर्यंतही पोहोचते.

गावठी कुत्र्यांचं म्हणाल तर जगलेले तेवढे आपल्याला दिसले. एका वेतातली किती पिल्लं पावसाळ्यापर्यंत उरायची हे गावात वाढलेल्या कुणालाही विचारा. शिवाय पार्व्हो हा रोगच १९७८ च्या सुमारास आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. आजोबांच्या कुत्र्याला त्याची लस कुठून असणार?

धंद्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशन ही प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटनाच सांगते की पिल्लूपणीचा कोर्स नीट झाला असेल तर पार्व्होची आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या जीवघेण्या रोगाची लस मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा लागत नाही. तेव्हा दरवर्षी सगळंच टोचणाऱ्या डॉक्टरांना ‘हे का?’ असं खुशाल विचारा. पण ही सवलत पिल्लाला नाही. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीची लस निष्प्रभ करू शकते, म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. रेबीजचा बूस्टर बाटलीवर लिहिलेल्या मुदतीप्रमाणे, आपल्याकडे बहुधा दरवर्षी. आणि उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोच्या लसीचा असर वर्षभरच टिकतो. कोकणात पाणी भरतं तिथे तर ती दरवर्षी, पाऊस लागायच्या आत.