चपलांनी सांगितलं

टाच न टेकवता चवड्यांवर चालणाऱ्या लहान मुलांबद्दल एका लेखात म्हटलंय, ‘तीन वर्षांपर्यंत वाट बघा, मूल आपोआप टाच टेकवू लागतं’. बहुतेकांच्या बाबतीत खरंही आहे. पण आमचा धाकटा साडेतीनचा झाला तरी चवड्यांवरच. सासूबाई म्हणायच्या, “याचा बापही असाच चालायचा.” मला शंका आली ती त्याच्या चपलांवरून. पुढचा भाग झिजून गुळगुळीत, टाचेकडची नक्षी मात्र नवी कोरी!

डॉक्टरांनी त्याला आधी जमिनीवर बसवून उठायला लावलं. मांड्यांवर हात टेकत टेकत उठतोय का, ते बघत होत्या. तसं असेल आणि पोटऱ्याही फुगीर दिसत असतील तर स्नायूंच्या आजाराची शंका घेतात. ते नव्हतं, सुटलो. मग उताणं झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे ढकललं, तर काटकोनाच्या पुढे जाईचना. पोटरीचा स्नायू आखडलेला. आधी पोटरी ताणायचे रोजचे व्यायाम, त्याने भागेना म्हणून दीड महिना प्लास्टर, दर आठवड्याला बदलून. ऐन मे महिन्यात! आता टाच टेकते, दमला की अजून उचलतो.

एकाच पायाची टाच उचलली जात असेल, किंवा आधी नीट चालणारं मूल अचानक चवड्यांवर आलं असेल, तर तीन वर्षांचा हिशोब करत बसू नका, लगेच दाखवा. आणि ‘टाच टेक, टाच टेक’ ओरडून काही होत नाही. आम्ही वर्षभर ओरडलो.