विन्याच्या बंगल्यावरचा पर्जन्यवृक्ष

"झाड माझ्या जागेत, लावलं माझ्या आजोबांनी, आणि काढायचं तर महापालिकेला विचारायचं?" काल कट्ट्यावर विन्या तावातावाने बोलत होता. गेल्या वळवात मांडीएवढी फांदी त्याच्या गच्चीवर कोसळली, टाकीचं झाकण फुटलं. तेव्हापासून वारा सुटला की त्याची आई आतल्या खोलीत झोपत नाही, हॉलमध्ये येऊन बसते. त्याची तळमळ खोटी नाही.

सुध्याने लगेच तोडगा काढला. "अर्जबिर्ज कशाला? बुंध्याला भोकं पाडून औषध भर. वाळलेल्या झाडाला कोण विचारतंय?"

अण्णा भडकलेच. उद्यान खात्यात उभी हयात गेलेला माणूस. "१९७५ च्या झाडांच्या कायद्यात नुसती कुऱ्हाड येत नाही. जाळणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं, सगळं तोडण्यातच धरलंय, आणि शिक्षेत कैदसुद्धा आहे. शिवाय वाळलेलं झाड उभं कुठे राहणार? ह्याच्याच डोक्यावर ना! मुळं कुजली की वळवाचीही वाट बघत नाही ते."

"मग आम्ही फांद्या पडायची वाट बघायची का?"

"कोण म्हणतं? जिवाला किंवा घराला धोका आहे असं महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला पटलं, तर परवानगी नाकारता येत नाही. अर्ज कर, झाडाची माहिती आणि जागेचा नकाशा जोड. माणूस येऊन बघेल, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून झाडावर नोटीस लागेल, ६० दिवसांत निर्णय."

"दोन महिने! तोवर पाऊस थांबणारे का?" सुध्या म्हणाला. हा मुद्दा बिनतोड होता. धोक्याच्या झाडाची पाहणी आठवड्याभरात व्हायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण बुंध्यावरची ती नोटीस मला मनापासून पटते. त्या झाडाची सावली अख्ख्या गल्लीवर पडते, भाजीवाल्या मावशी दुपारभर तिथेच बसतात. त्यांनाही बोलायची संधी मिळायला हवी.

"ओझं माझ्या गच्चीवर, आणि हरकत घेणार गल्ली?" विन्याच्या ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

अण्णांनी पुढचं सांगितलं तेव्हा तर तो हबकलाच. आजोबांनी झाड लावलं बंगला बांधताना, १९६८ साली. त्याच कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं पूर्ण झालेलं झाड हेरिटेज वृक्ष ठरतं. तोडायचं तर जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, सहा फुटांच्या वरची, आणि सात वर्षं जगवायची. विन्याच्या अंगणात कुंडी ठेवायला जागा नाही.

शेवटी सगळे झाड बघायलाच गेलो. अण्णांनी वर न बघता आधी खाली बघितलं. गाडी लावायला म्हणून पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवलेले. मुळांना ना पाणी, ना हवा. झाडांभोवती किमान एक मीटर जागा मोकळी ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीला बजावलं होतं. मग वर बोट दाखवलं. तारांसाठी रस्त्याकडच्या फांद्या कुणीतरी सपाट उडवल्या होत्या, त्यामुळे सगळा भार बंगल्याकडे आला होता. छाटल्या जागी फुटव्यांचा झुपका होता. "हे फुटवे वरवर चिकटलेले असतात, जाड झाले की हेच आधी मोडतात," अण्णा म्हणाले.

मला तरी तिथेच पटलं, की आधी ब्लॉक काढावेत आणि रीतसर परवानगी घेऊन जाणत्या माणसाकडून बंगल्याकडचा भार कमी करावा. मुळं कुजलेली निघाली तर काढायचा अर्ज आहेच. सुध्याला हे अजून पटलेलं नाही. विन्या ब्लॉक काढायला तयार झाला. अर्जात मात्र आईचं वय आणि 'धोकादायक' हा शब्द पहिल्याच ओळीत घालणार म्हणाला. घालावाच.