वाढदिवसाला वर्गात काय वाटायचं?

लेकीच्या शाळेतून जूनमध्येच सूचना आली: वाढदिवसाला खाऊ आणायचा नाही. गोळ्या, चॉकलेट, केक, काहीच नाही. आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंधरा दिवस तेच चाललं होतं. "आम्ही नाही का खाल्ल्या गोळ्या? काय झालं आम्हाला?"

एका गोळीने काही होत नाही, कबूल. पण वर्गात ४४ मुलं आणि शाळेचे दिवस दोनशे-सव्वादोनशे. म्हणजे आठवड्याला एक वाढदिवस आलाच. आणि हल्ली एका गोळीवर भागवतंय कोण? २०२० च्या केंद्राच्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ, चरबीचे पदार्थ मुलांना विकायचे नाहीत. सीबीएसईने २०२५ मध्ये साखरेची माहिती देणारे फलक लावा म्हणून शाळांना सांगितलं. टपरीवाल्याला हुसकायचं आणि तोच माल आपण दप्तरातून आत न्यायचा?

पण माझं मत नियम वाचून झालेलं नाही. लेकीच्या वर्गात एका मुलाला टाइप १ डायबिटीस आहे. मिळालेलं चॉकलेट तो कंपासपेटीत ठेवायचा. बाई म्हणायच्या, "घरी गेल्यावर दादाला दे हं." लेक मला म्हणाली, "आई, त्याला दादाच नाहीये."

तर खाऊ बंद झाला, बरं झालं. डोकं फिरलं ते पुढच्या प्रकाराने. खाऊ नाही ना, मग रिटर्न गिफ्ट! पहिल्याने पेन्सिल-खोडरबर दिलं, दुसरीने पाऊच, तिसऱ्याने थेट पाण्याची बाटली. बोहरी आळीच्या घाऊक बाजारातून ४४ बाटल्या आणणारे आईबाबा बघून मला त्यांची कीवच आली. ज्यांना हे परवडत नाही त्यांची मुलं मग वाढदिवसाला "ताप आलाय" म्हणून घरी राहतात. आमच्या वेळची गोळी निदान सगळ्यांच्या खिशाला झेपायची.

माझा स्वतःचा वाढदिवस मे महिन्यातला. त्यामुळे शाळेत मी एकदाही रंगीत फ्रॉक घालून गेले नाही (अजून सलतं ते). पण मैत्रिणींच्या वाढदिवसाला गोळ्यांचा डबा धरायला बरोबर मात्र खूपदा गेले. वाढदिवस असलेली मुलगी एकच मैत्रीण निवडायची आणि दोघी भर तासाला बाहेर! आधी शिक्षकखोली, मग मोठ्या बाईंचं ऑफिस, मग उगीचच लांबच्या जिन्याने परत. गणिताचा अर्धा तास त्यात सहज जायचा. गोळी कुठली होती ते आज आठवत नाही, पण कोणी मला नेलं नाही ते नावानिशी आठवतं.

दिवाळीनंतर शाळेने भेटवस्तूही बंद केल्या आणि ही फेरी तेवढी ठेवली. आता बाई वर्गात औक्षण करतात, आणि मधल्या सुट्टीची घंटा वाढदिवसाचं मूल आणि त्याने निवडलेला एक दोस्त मिळून देतात. शिपाईमावशी बाजूला उभ्या राहतात. मे महिन्यातल्या मुलांना एप्रिलचे दिवस वाटून दिलेत. मला हे कळलं तेव्हा मी चक्क बाईंना फोन करून थँक्यू म्हटलं.

उद्या लेकीचा नंबर. संध्याकाळपासून स्वयंपाकघरात पितळी ताटलीवर पळीने सराव चाललाय, शेजारच्या आजी दोनदा डोकावून गेल्या. बरोबर कोणाला नेणार, विचारलं तर उत्तर नाही. जिवलग मैत्रिणी दोन आहेत, आणि जेवायला बसली तरी तिचं ठरलेलं नाही.